नळीचं दुसरं टोक

ज्या तोंडानं रोज देवाचं नाव घेते, त्याच तोंडानं हे सांगते आहे. यात एक शब्दही पदरचा घातलेला नाही.

१९९८ सालचा चैत्र. सोमवार, सकाळचे साडेनऊ. मुकुंदवाडीत, स्टेशनच्या मागं आमचं घर.

सासऱ्यांनी ते अठ्ठेचाळीसच्या पोलीस अ‍ॅक्शननंतर दोन वर्षांनी बांधलेलं, काळ्या मातीवर. मागच्या खोलीचा कोपरा वीतभर खचला होता. पावसाळ्याआधी पाया नीट करायचा म्हणून बद्रीनाथ मिस्त्रींना बोलावलं. कोपऱ्याखालची माती काढून त्यांनी भिंत लाकडी टेकूंवर तोलली होती.

लेव्हल बघायला त्यांच्याकडं पाणी भरलेली लांब नळी. एक टोक खड्ड्यात त्यांच्या हातात, दुसरं खिडकीतून मागच्या खोलीत. ते टोक रोज त्यांची बायको धरायची आणि पाणी हलायचं थांबलं, की आतून सांगायची. त्या दिवशी ती आली नव्हती; पोथी झाली, की मी धरायचं ठरलं होतं.

यजमान चिकलठाण्याला कारखान्यात पहिल्या पाळीला गेलेले. घरात मी एकटी.

रोज सकाळी पोथी वाचून होईपर्यंत माझं मौन असतं. अकरा वर्षांत एकदाही मोडलं नव्हतं.

"लई अवघड व्रत धरलंय, वहिनी," मिस्त्री दारातून म्हणाले. "आमच्या घरी कुणी अर्धा तास गप बसलं, तर मी सत्यनारायण घालीन. चालू द्या तुमचं."

मी हसून मान हलवली. देवघरात येऊन पोथी उघडली.

थोड्या वेळानं बाहेरून त्यांचा आवाज आला...

"हां, झालं का वाचून? धरा तसंच, वहिनी."

मी जागची हललेही नव्हते.

"पाणी थांबलं का?"

आणि मागच्या खोलीतून उत्तर आलं...

"थांबलं."

आवाज माझा होता.

माझे ओठ मिटलेले होते.

"अजून खाली घ्या," तो आवाज म्हणाला. हळू. मी बोलते तसाच.

"एवढं खाली? टेकूच्या आत शिरावं लागंल."

"शिरा. मी धरलंय."

खोरं बाजूला ठेवल्याचा आवाज. मग काहीच नाही...

मग लाकूड करकरलं.

पोथीचं अर्धं पान राहिलं होतं. खोटं कशाला बोलू, त्या अर्ध्या पानाकडं मी एकदा बघितलं.

आणि ओरडले. "मिस्त्री, बाहेर या."

"आत्ता तर शिरा म्हणालात."

"ती मी नव्हते."

धावत जाऊन मी त्यांचा हात धरून ओढला. ते वर आले आणि टेकू मोडला. कोपरा धाडकन खड्ड्यात बसला.

धूळ खाली बसल्यावर आम्ही खिडकीतून आत डोकावलो.

खोलीत कुणीच नव्हतं.

नळीचं टोक मात्र जमिनीपासून छातीइतकं वर, अधांतरी उभं होतं. पाणी स्थिर...

आम्ही बघत होतो, तेवढ्यात ते खाली पडलं.

मिस्त्री भला माणूस. बायकोला घेऊन पुढं बारा दिवस आले, पाया पूर्ण केला. घर आता सरळ आहे. पण मी काही म्हणाले, की ते आधी माझ्या ओठांकडं बघायचे.

शेवटच्या दिवशी हत्यारं आवरून ते अंगणात उतरले. मी ओसरीत उभी होते. मिस्त्रींना चहाचं विचारावं, असं मनात आलं.

ते थांबले. मागच्या खिडकीकडं बघून म्हणाले, "नको वहिनी, चहा नको आता."

मग मान वळवून त्यांनी माझ्याकडं बघितलं.

मी विचारणारच होते.

पण अजून विचारलं नव्हतं...