रिकाम्या काचेचं माप

हे खरं घडलेलं आहे. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीबरोबर. मी तिथे नव्हतो, म्हणून तिच्यासोबत असलेल्या फिटरकाकांनाही वेगळं गाठून विचारलं. दोघांच्या सांगण्यात फरक निघाला नाही.

निघाला असता तर बरं झालं असतं.

रात्र नव्हती. सुट्टीच्या दिवशीची भर दुपार होती. कारखाना बंद. आत ही दोघंच.

बहीण तपासणीचे कॅमेरे लावून देते. काचेखाली पांढरा दिवा, वर कॅमेरा. काचेवर पोलादी रिंग ठेवली की पडद्यावर तिची काळी सावली दिसते. त्या सावलीभोवती बहीण चौकट आखते. यंत्र सावलीच्या दोन कडा शोधतं आणि मधलं अंतर सांगतं. काच रिकामी असेल तर अक्षरं येतात, 'कड सापडली नाही'.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक चाचणी घ्यायला येणार होतं. चाचणी पार पडली तर बहिणीची नोकरी कायम. नाहीतर घरी.

रिंगांची मापं तंतोतंत येत होती. तिने शेवटची रिंग उचलली...

आकडा गेला नाही.

"काका, काच पुसली होती ना?"

"तुझ्या चष्म्यापेक्षा स्वच्छ आहे."

तिने पुन्हा पुसली. भिंग पुसलं. बाहेरचा उजेड नको म्हणून यंत्रावर काळं कापड टाकलं. काचेवर डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. पडद्यावर मात्र एक फिकट सावली होती.

आता तर आकडा हलू लागला. हळूहळू वाढायचा... थांबायचा... हळूहळू कमी व्हायचा.

"हादरे असतील," काका म्हणाले.

"कसले? सगळं बंद आहे."

हवेचा कॉम्प्रेसर तेवढा चालू होता. काकांनी जाऊन तोही बंद केला. अख्खी शेड गप्प झाली.

आकडा वाढला... थांबला... कमी झाला.

काकांचा चेहरा उतरला. "पोरी, हे श्वास घेतल्यासारखं वाटतंय गं."

"आपल्याच श्वासाची वाफ धरत असेल काचेवर. रोखून बघू."

दोघांनी श्वास रोखला.

आकड्याने रोखला नाही.

मग तिने जे केलं, ते त्या कामातल्या कुणीही केलं असतं. रिकाम्या काचेवर न निघणारा डाग असला, की त्याच काचेचं चित्र घेऊन यंत्राला शिकवतात, हे मोजायचं नाही. यंत्र मग ते चित्र पुढच्या प्रत्येक चित्रातून वजा करतं.

तिने बटणावर बोट ठेवलं...

आकडा थांबला. फोटो काढताना माणूस स्तब्ध होतो, तसा.

तिने बटण दाबलं. 'कड सापडली नाही.'

"झालं!" काका म्हणाले. "भुताचा फोटोही काढलास. आता त्याला ओळखपत्र दे."

दोघंही जरा जास्तच हसली.

दुसऱ्या दिवशी चाचणी निर्विघ्न झाली. गिऱ्हाइकाच्या साहेबांनी सही केली. पाहुणे चहाला गेले, यंत्रापाशी बहीण आणि काकाच उरले. बहीण बॅग खांद्याला लावून खुर्चीतून उठली...

रिकाम्या काचेवर माप आलं.

कालचंच. पण आता स्थिर. आणि सावली काळी नव्हती. पांढरी होती.

भिंतीवरची तसबीर काढली की मागे उजळ चौकोन राहतो, तसं ते होतं. वजा केलेली वस्तू जागेवर नसेल, तरच यंत्र असं दाखवतं.

"म्हणजे ते उठलं," काका हळूच म्हणाले.

"कधी?"

"तू उठलीस तेव्हा."

तिने काचेचं नवं चित्र घेतलं. तेव्हापासून ती काच रिकामी असली की रिकामीच दिसते. नोकरी कायम झाली. काकांनी दुसरा विभाग मागून घेतला.

बहीण माझ्याकडेच राहते. संध्याकाळी घरी आली की आधी दार लावते. पंखा बंद करते.

"दादा, जरा श्वास रोख."

दोघंही रोखतो.

"काही ऐकू आलं?"

"तुझ्या पोटातले कावळे," मी म्हणतो. "हातपाय धू, जेवायला बस."

ती हसते. आत जाते.

मी लगेच पंखा लावतो. पूर्ण वेगात. फार खडखडतो तो...

म्हणूनच बदललेला नाही.