शुक्रवारची सातवी चिठ्ठी

टीम गुणी होती, पण काम वेळेवर होईल तर शपथ! रुग्णाला थेंब थेंब औषध देणाऱ्या पंपाचं सॉफ्टवेअर बनवायचं होतं आणि तारीख तिसऱ्यांदा पुढे गेली होती. चूक सापडली की सहाही जण एकमेकांकडे बोट दाखवायचे. शेवटी टीमप्रमुख बाईने कंबर कसली. दर शुक्रवारी चार वाजता बसायचं, आठवड्यात काय बिघडलं ते प्रत्येकाने एका चिठ्ठीवर लिहायचं आणि चिठ्ठी बुटांच्या रिकाम्या खोक्यात टाकायची. कुणी लिहिली हे विचारायचं नाही. तक्रार मात्र पुढच्या शुक्रवारच्या आत मिटवायचीच.

तिला सगळे ताई म्हणायचे, कारण टीममधली टेस्टर तिची सख्खी धाकटी बहीण होती आणि ऑफिसातही बिनदिक्कत तशीच हाक मारायची. धाकटी महा तोंडाळ. दुसऱ्याच्या कामातल्या चुका काढायचा पगार मिळतो म्हणून स्वारी खुशीत असायची. ताईचा सगळा जीव तिच्यात.

ताई धरून माणसं सहा, पण तिसऱ्या शुक्रवारी खोक्यातून सात चिठ्ठ्या निघाल्या. सातवीत लिहिलं होतं, मंगळवारी सर्व्हरची जागा भरली, कुणाचं लक्ष नव्हतं. असं काही झालंच नव्हतं. कुणाची तरी थट्टा म्हणून सगळे हसले. पुढच्या मंगळवारी सर्व्हरची जागा खरंच भरली.

पुढच्या शुक्रवारी सातव्या चिठ्ठीत होतं, गुरुवारी डोसमधलं दशांश चिन्ह चुकलं. या वेळी कुणी हसलं नाही. त्यांनी सोमवारीच शोधलं आणि चूक खरंच होती. रुग्णाला दहापट औषध गेलं असतं. पण साहेबांनी पाठ थोपटली, काम रुळावर आलं, आणि नियम तो नियम. कोणी लिहिलं हे कुणीच विचारलं नाही.

पाचव्या शुक्रवारी ताईने सातवी चिठ्ठी उघडली आणि तिला ती पुन्हा मिटावीशी वाटली. तरी तिने वाचली. बुधवारी टेस्टर नाहीशी झाली. सगळं टेस्टिंग तिच्या एकटीच्या डोक्यात. तीन दिवस काम ठप्प.

"मी कुठे जातेय?" धाकटी म्हणाली. "माझ्याशिवाय तुमचं पान हलत नाही."

म्हातारबा म्हणजे टीममधला सगळ्यात जुना प्रोग्रामर. त्याने सुचवलं, काम वाटून घेऊ, तक्रार मिटेल. सगळ्यांना पटलं. ताईलाही पटलं. सोमवारी, मंगळवारी धाकटीने एकेकाला शेजारी बसवून सगळं शिकवलं, बारीकसारीक खाचाखोचांसकट.

बुधवारी ताईने तिला नजरेआड होऊ दिलं नाही. दुपारी साहेबांचा फोन आला. ताई खिडकीकडे वळून बोलली, फार तर दोन मिनिटं.

वळली तेव्हा धाकटीच्या खुर्चीत म्हातारबा बसून टेस्टिंग करत होता. कुणाचेही हात थांबले नव्हते.

"ही कुठे गेली?"

"कोण, ताई?" म्हातारबाने विचारलं.

ती जिन्यात धावली, स्वच्छतागृहात पाहिलं, रस्त्यावर जाऊन आली. धाकटीचा नंबर मोबाइलमध्ये सापडेना. तिने आईला फोन लावला आणि धाकटी घरी आली का विचारलं.

"तुला बहीण हवी होती गं," आई हळूच म्हणाली. "आम्हालाच नाही जमलं."

त्या दिवसापासून ताईने तिला शोधण्यावाचून दुसरं काही केलं नाही. पोलिसांकडे गेली, फोटो उलथेपालथे केले. कुठेच धाकटी नव्हती. होती ती ताईच्या डोक्यात, तेवढीच.

शुक्रवारी चार वाजता, सगळ्यांच्या चिठ्ठ्या झाल्यावर उरलेली एक जास्तीची चिठ्ठी म्हातारबाने वाचली. टीमप्रमुख नाहीशी झाली. सगळं तिच्या एकटीच्या डोक्यात. तीन दिवस काम ठप्प.

ताई उठून उभी राहिली. आपण गेलो तर धाकटीला आठवणारं जगात कुणी उरणार नाही, एवढंच तिला कळत होतं. तिला ओरडायचं होतं.

"घाबरू नका, ताई. वाटून घेऊ," म्हातारबा मायेने म्हणाला. चौघांनी वह्या उघडल्या होत्या. "आधी तुमचा पासवर्ड सांगा."

पासवर्ड म्हणजे धाकटीचं नाव होतं. ताईने ते आठवून पाहिलं. पुन्हा पाहिलं.