अण्णांच्या सेटिंग्ज

गीतांजली, तुझ्या मनालीला शिकायला तो कॉम्प्युटर हवाय म्हणालीस, म्हणून सांगते. बस अशी जवळ. चहा मात्र माझ्या डाव्या हातात दे, नाहीतर सांडेल.

त्या रविवारी दुपारी मला फक्त वॉलपेपर बदलायचा होता. द्रोणागिरीच्या गोदामात रोज सानपाड्याहून जाऊन-येऊन माझा पिट्टा पडत होता. शेवटी साहेबांनी घरून काम करायला परवानगी दिली. अट एकच, कॉम्प्युटर स्वतःचा हवा. आमच्याकडे सासऱ्यांचा होताच. अण्णा जाऊन महिना होत आला होता आणि तो धूळ खात पडला होता. म्हटलं, आयती सोय आहे, आणखी काय पाहिजे!

अण्णांची नजर काचबिंदूने कशी थोडी थोडी करत गेली, तू पाहिलंस. पण माणूस हट्टी. दिसेनासं होईल तसा त्यांनी कॉम्प्युटर आपल्या डोळ्यांना जुळवत नेला. पडदा काळा, अक्षरं पिवळी. बाण अंगठ्याएवढा. स्वतः डावरे, म्हणून माऊसची बटणं उलटी. पुढे भिंगाची सोय चालू केली, तीही वाढवत वाढवत इतकी, की पडद्यावर जेमतेम एखादा शब्द मावायचा. शेवटी तेही दिसेना, तेव्हा वाचून दाखवणारा आवाज लावला. बाण जिथे जाईल तिथलं एक बाई सपाट सुरात वाचायची. दिवसभर घरात तिची बडबड. मी चेष्टेने तिला धाकट्या सासूबाई म्हणायचे.

तर मी बसले. खोलीत अजून निलगिरी तेलाचा वास होता. अण्णा ते रुमालावर टाकायचे. एकेक करून मी सगळं माझ्या आवडीचं केलं. पांढरा पडदा, नाजूक बाण, बटणं सरळ, भिंग बंद, बाईचा आवाज बंद. मागे सीवूड्सच्या खाडीवर काढलेला फ्लेमिंगोंचा फोटो लावला. खोलीला नवा रंग दिल्यासारखं बरं वाटलं. तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले.

परत आले तर पडदा काळा. पिवळी अक्षरं.

"नंदू, तू हात लावलास?"

नवरा हॉलमध्ये पेपर वाचत होता. "मी? मला काय कळतंय त्यातलं? अपडेट-बिपडेट झालं असेल. टेन्शन नको घेऊस."

बोलताना त्याने पेपर मात्र तोंडासमोरून हलवला नाही.

मी पुन्हा सगळं बदललं. या वेळी उठले नाही. बाहेर ऊन रणरणत होतं, सोसायटीत चिटपाखरू नव्हतं. पंखा गरगरत होता, तरी तो तेलाचा वास दाट होत चालला. मग बाण हलला. माऊसवर माझा हात नव्हता. डाव्या कोपऱ्यातून तो हळूहळू निघाला, थांबत, चाचपत... अण्णा भिंतीला हात लावत बाथरूमकडे जायचे ना, तसा. आणि बंद केलेला आवाज बोलू लागला.

"रंग... काळा. बटणं... डावी. भिंग... चालू."

मी स्पीकरची वायर उपटली. वायर माझ्या हातात लोंबत होती, आणि बाई म्हणाली, "बदल... जतन केले."

मी किंचाळले असणार, कारण नंदू धावत आला. पडदा बघून त्याचा चेहरा पांढराफटक पडला. दाराच्या चौकटीला टेकून तो खालीच बसला.

"वैजू, कावळा शिवत नव्हता गं..."

"कधी?"

"दहाव्याला. खाडीकाठी. ऊन चढलेलं, भटजी घाई करत होते. फ्लॅट विकणार नाही बोललो, आईचं वर्षश्राद्ध चुकवणार नाही बोललो. एक कावळा पिंडाकडे फिरकेना. मग सुचेल ते बोलून गेलो."

"काय बोललास, नंदू?"

"बोललो, अण्णा, तुमचा कॉम्प्युटर पडून राहणार नाही. वैजू वापरेल... तुम्ही वापरायचात ना, अगदी तसाच." तो माझ्याकडे बघत नव्हता. "शब्द तोंडातून निघाला आणि कावळा आला. एकच. सगळा पिंड खाल्ला त्याने."

मला असा संताप आला! आम्ही बायका घरी होतो, मला कोण विचारणार? स्वतःचा शब्द द्यायचा सोडून याने माझा दिला. पण गेलेल्या माणसाला दिलेला शब्द मोडायची छाती माझ्यातही नव्हती. अण्णांच्या फोटोला हात जोडले, "राहू द्या तुमच्या मनासारखं" म्हटलं आणि सोमवारपासून कामाला लागले.

त्यानंतर काही झालं नाही. काळा पडदा अंगवळणी पडला. बटणं उलटी, म्हणून माऊस डाव्या हातात घेऊ लागले. मग जेवताना चमचाही त्याच हातात यायला लागला. नंदू म्हणाला, बघ, अण्णा शांत झाले. मलाही तसंच वाटलं.

फक्त घरातले दिवे मंद वाटू लागले. मला अण्णांचे डोळे आठवले. वाशीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी थेंब घालून, यंत्राला हनुवटी लावून सगळं तपासलं. म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, चष्मासुद्धा नको. माझा जीव भांड्यात पडला.

परवा सकाळी कामाला बसले, तर अक्षरं बारीक झालेली. काही केल्या लागेनात. कंटेनरचे नंबर भरायचे होते, साहेबांचे फोनवर फोन येत होते. मी वैतागून ओरडले, "नंदू, भिंग कमी कोणी केलं? एवढी बारीक अक्षरं कोण वाचणार?"

तो दारात येऊन उभा राहिला असावा.

"वैजू... पडद्यावर एकच अक्षर आहे. अख्खा पडदाभर."

"कुठलं?" मी विचारलं.

स्पीकर मी त्या रविवारीच काढून माळ्यावर टाकला होता. तिथून धाकट्या सासूबाईंचा सपाट आवाज आला.

"वै..." ती म्हणाली, आणि पुढचं अक्षर येण्याची वाट बघत थांबली.