शिक्का खोडणारी मुलगी

"हा शिक्का कुणी मारला?"

तीन जिने चढून आल्यामुळे तिला धाप लागली होती, पण आवाज खणखणीत. खाली इस्पितळाच्या औषधाच्या खिडकीवर बसणारी ही मुलगी पोटाच्या दुर्बीण-तपासणीच्या खोलीत पहिल्यांदाच आली होती, तीही बाबांचा कागद हातात घेऊन भांडायला.

"मीच," तिथला तरुण डॉक्टर म्हणाला. "रक्त पातळ करणारी गोळी सात दिवस बंद. सगळ्यांच्याच कागदावर मारतो. आमच्याकडे नियमच आहे."

"माझ्या बाबांच्या हृदयात धातूची झडप आहे! गोळी थांबवली तर तिच्यावर गुठळी धरेल. ती मेंदूत गेली तर तुमचा नियम येणार आहे का त्यांना उचलायला?"

"आणि चालू ठेवून पोटात रक्तस्राव झाला तर?"

"म्हणूनच विचारतेय. नुसतं बघायचंय की काही कापायचंय?"

"बघायचंय. फार तर चिमूटभर तुकडा..." तो थांबला. आता कुठे त्याने कागद नीट वाचला आणि त्याचे कान लाल झाले. "चुकलंच माझं. झडपेचं मी वाचलंच नाही."

आता काय भांडायचं, कपाळ! ती नुसतीच बघत राहिली... आणि चांगला दिसत होता मेला.

त्याने तिच्यासमोरच हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी सांगितलं, गोळी चालू ठेवा. आदल्या दिवशी रक्त तपासा, प्रमाणाबाहेर पातळ नसेल तरच दुर्बीण घाला. तिने शिक्क्यावर लाल रेघ ओढली.

दुसऱ्या दिवशी तो खिडकीशी हजर. "मोठे डॉक्टर भडकलेत. म्हणे, औषधवालीचं ऐकून नियम मोडतोस?"

"मग?"

"म्हटलं, गोळी बंद करायची तर सही तुम्ही करा. करेनात!"

दोघंही खो-खो हसले. मग तो रोजच यायला लागला, डोकेदुखीची एकच गोळी मागत.

"रोज दुखतं? डॉक्टरांना दाखवा."

"त्यांचंच तर दुखतंय..."

गुरुवारी, तपासणीच्या दिवशी मात्र तिला हसू फुटेना. रक्ताचा अहवाल ठीक होता, बाबा आत होते. रक्त थांबलं नाही तर? हट्ट तिचाच होता. बाकावर बसून ती नखं कुरतडत राहिली.

दार उघडलं. "जठरात लहानशी जखम आहे," तो म्हणाला. "तुकडा घेतला, रक्त लगेच थांबलं. औषधाने बरी होईल."

तिला रडू फुटलं, आणि रडू फुटल्याचा रागही आला.

"एक होतं..." तो घुटमळला. "म्हणजे, बाबा गुंगीतून जागे झाले की त्यांना विचारीन म्हणतो..."

"त्यांना कशाला? मला विचारा!"

"मी... आवडतो तुम्हाला?"

"आवडता!" बाकांवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली. "आणि हे मी कुणाच्या परवानगीने सांगत नाहीये."

तिने त्याचा हात घट्ट धरला. मोठे डॉक्टर दारात येऊन डोळे वटारून बघत होते. बघेनात का! तिने हात सोडला नाही.