त्रिविक्रम सरांचं पॅकेज

अठ्ठ्याण्णव सालच्या आयुधपूजेची दुपार. कन्नड मुलखात, पीण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात पत्र्याची कपाटं रंगवून भट्टीत वाळवत. मी शाळा नववीतच सोडलेली. लिनक्स ही संगणकप्रणाली मला शिकवली ती कारखान्याचा संगणक सांभाळणाऱ्या त्रिविक्रम सरांनी. त्याच पावसाळ्यात ते वारले आणि संगणक माझ्याकडे आला.

मालकांचे चिरंजीव सुहास सर म्हणाले, "विनोद, पूजेआधी लिनक्सची नवी आवृत्ती टाकून घे. एकदा कुंकू लागलं की आज मशीनला हात नाही."

टाकायला गेलो, तर संगणकानं अडवलं. त्रिविक्रम सरांनी केलेलं एक जुनं पॅकेज, म्हणजे प्रोग्रॅमचा संच, नव्या आवृत्तीशी जमत नव्हतं. भट्टीत कुणी नाही असं संगणकावर नोंदवल्याशिवाय त्यातला प्रोग्रॅम बर्नर पेटू देत नसे. तो नसेल, तर मेन स्विच चालू असला की भट्टी पेटे. पण आज भट्टी बंदच. म्हणून मी संगणकाला ते पॅकेज काढायला सांगितलं.

एखाद्या पॅकेजवर दुसरं पॅकेज अवलंबून असलं, तर काढताना त्या दुसऱ्याचं नाव पडद्यावर येतं. तसं आलं. 'हे खंडोजीला लागतं.'

या नावाचं पॅकेज नव्हतंच. खंडोजी अण्णा आमचे भट्टीवरचे म्हातारे कामगार. संगणकाच्या खोलीला खिडकी नव्हती. कापराचा वास दाराखालून येत होता, आणि त्यात कपाटांच्या रंगाचा वास मिसळत होता…

"सर, इथं अण्णांचं नाव येतंय…"

"मग काय, अण्णांना पॅकेजात भरलंय?" सुहास सर बाहेरूनच हसले. "जबरदस्तीनं काढ. भटजी खोळंबलेत. सरी? कळलं ना?"

आज्ञा टाइप केली. एंटरवर बोट ठेवलं. दाबणार तेवढ्यात शेजारच्या भट्टीच्या पत्र्यावर थाप पडली. मग आणखी एक, दबकी… आतून.

मी धावलो. भट्टीचं दार ओढलं. अंधारात खंडोजी अण्णा उभे होते. हातात हळदीकुंकवाचं ताट.

"आत कुंकू लावायला आलो रे… दार मागनं लागलं."

पूजेला सगळी यंत्रं जिवंत असावीत, म्हणून सुहास सरांनी सगळे मेन स्विच चालू केले होते. भट्टीचाही लाल दिवा जळत होता.

अण्णांना बाहेर आणून पाणी दिलं. त्यानंतर ते कामावर आलेच नाहीत, गावी निघून गेले.

पुढच्या आठवड्यात सुहास सर पुन्हा मागं लागले. मी दबकतच पॅकेज काढायची आज्ञा दिली. अण्णांचं नाव गेलं होतं. त्या जागी दुसरं होतं. 'हे वीणाला लागतं.'

वीणा नावाचं कारखान्यात कुणीच नव्हतं. मला हायसं वाटलं. जबरदस्तीची आज्ञा टाइप करून मी एंटरकडे बोट नेलं.

मागं दार करकरलं. एक अनोळखी मुलगी उंबऱ्यात उभी होती.

"दादा, मी वीणा. आजपासून कामाला लागले," ती हळूच म्हणाली. "स्वल्प, जरा सांगता? भट्टी कुठं आहे?"