घंटा वाजली, शेळी दिसली नाही

"पुन्हा लाव," नासर काका म्हणाले.

मुहन्नाने कॉम्प्युटरवर फिल्म पुन्हा लावली. पडद्यावर पाटाच्या कडेला हमूद आजोबा वाकले. चपटा दगड त्यांनी पूर्वेकडच्या दाऱ्यात, पाणी बागेत वळवायच्या तोंडाशी, उभा केला, फटीत कोंबायला चिंधी उचलली आणि चित्र तिथेच थिजलं. आवाज मात्र चालूच राहिला. पाण्याची खळखळ, आजोबांचा खोकला, किणकिण अशी कसलीशी घंटा. मग चित्राने एकदम उडी मारली. दगड आडवा पडलेला, पाणी पूर्वेच्या बागेत धावतंय, आणि आजोबा पाठमोरे चालत निघालेत.

"बघा. स्वतःच्या हाताने दारं मोडलंय," नासर काका म्हणाले.

दाराआड झुवैना कॉफीचा थर्मास घेऊन उभी होती. हमूद आजोबा तिचे आजोबा. डोंगरातून गावात येणाऱ्या पाटाचं पाणी कुणाला, किती वेळ, हे सावलीच्या काठीवरून तेच ठरवत. तिच्या आईच्या जन्माआधीपासून ते पाटकरी होते. परवा पाळी होती नासर काकांची. पाणी मात्र गेलं पूर्वेच्या बागेत, आणि ती बाग नेमकी आजोबांच्या बहिणीची. नासर काकांची लिंबाची रोपं उन्हात माना टाकून बसली होती.

फिल्म काढली होती मुहन्नाच्या थोरल्या भावाने, कॉलेजच्या कामासाठी. पाटाकाठी कॅमेरा तिकाटण्यावर उभा करून तो सावलीत खजूर खात बसला होता. नंतर ती एवढी मोठी फिल्म पेन ड्राइव्हवर टाकली, कॅमेरा रिकामा केला आणि मित्रांबरोबर होडीतून समुद्रावर निघून गेला. त्याचा फोन लागत नव्हता.

मुहन्नाचे बाबा, बदर काका, पाटाचे प्रमुख होते. आता पुरे, अशा खुणेने त्यांनी कॉफीचा पेला हलवून परत दिला. मशीन जुनं आहे, अडखळतं, हे त्यांनी कबूल केलं; पण आधी काय आणि नंतर काय ते तर दिसलंच, असंही म्हणाले. दुपारच्या नमाजानंतर, ऊन कललं की बैठक बसेल आणि पाटाचं काम दुसऱ्या कुणाकडे जाईल.

हमूद आजोबा वाद घालायला थांबले नाहीत. अंगणात झुवैनाने त्यांना गाठलं. त्यांनी दगड नीट लावला होता ना, एवढंच तिला विचारायचं होतं.

"लावला होता," ते म्हणाले. मग हाताच्या तळव्याकडे बघत राहिले. "असं मला आठवतंय. पण पोरी, पडद्यावर सगळ्यांनी बघितलं. मीही बघितलं. म्हातारपणी माणसाने आठवणीवर विश्वास ठेवावा की डोळ्यांवर?"

झुवैना परत फिरली ती थेट कॉम्प्युटरच्या खोलीत. तिथे मुहन्ना आणि त्याची धाकटी बहीण रय्या यांचं भांडण जुंपलं होतं.

"होतीच मुळी!" रय्या म्हणत होती. "शहबाचीच घंटा. तिच्या घंटेला चीर गेलीय, म्हणून ती अशी चिरकी वाजते."

"शेळी दिसतेय का कुठे? वेडी आहेस."

झुवैना खाली बसली. "थांब, मुहन्ना. घंटा वाजली आणि शेळी दिसली नाही. म्हणजे शेळी नव्हती असं नाही. चित्र थिजलं तेव्हा ती येऊन गेली असेल."

शहबा म्हणजे बदर काकांची करडी शेळी. आणि पाळीच्या वेळी शेळ्या बांधून ठेवायच्या हा नियम बदर काकांनीच केलेला होता.

"तुमच्या घरावर येईल हे," झुवैना हळूच म्हणाली. "नको असेल तर आत्ताच सांगा."

मुहन्नाने नखं कुरतडली. रय्याने विचारलं, शहबाला मार पडेल का? नाही पडणार, असं दोघांनी शपथेवर सांगितल्यावर ती म्हणाली, "मग शोधू या."

घरातली मोठी माणसं दुपारची आडवी झाली होती. तेवढाच वेळ हातात होता.

फिल्मखालची पट्टी मागेपुढे ओढून बघितली, तर चित्र भलतीकडेच उडी घ्यायचं. मुहन्नाला आधी संशय आला पेन ड्राइव्हचा. एवढी मोठी फिल्म त्या चिंचोळ्या वाटेने यायची, म्हणजे अडकणारच. त्याने ती कॉम्प्युटरच्या आत उतरवून घेतली. त्यालाच इतका वेळ लागला, की रय्या जमिनीवर लोळून गाणी म्हणायला लागली. फिल्म लावली. थिजली, पण आधीपेक्षा कमी वेळ.

"म्हणजे चोर एक नाही," झुवैना म्हणाली. "बरेच आहेत."

दुसरा चोर मुहन्नाला एका खिडकीत सापडला. मशीनच्या डोक्यावर किती काम आहे ते तिथे दिसायचं, आणि हिरवी रेघ अगदी छताला टेकली होती. व्हायरस शोधणारा प्रोग्राम रोज याच वेळी सगळं घर धुंडाळायचा. त्याला थोडा वेळ बसायला सांगितलं. गप्पांचा प्रोग्राम विनाकारण उघडा होता, तोही बंद केला. आता फिल्म सुरुवातीला झुळझुळीत चालली. तिघांच्या माना पुढे झाल्या. आजोबा वाकले, चिंधी उचलली, आणि चित्र पुन्हा अडखळलं.

"सुरुवातीला धावतो आणि मग दमतो," झुवैना पुटपुटली. तिने कॉम्प्युटरच्या डब्यावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला. "तापलाय केवढा! अंगात ताप असताना कोण पळेल?"

डब्यावर जांभळ्या मखमलीचा सोनेरी झालरीचा अंगरखा होता. मुहन्नाच्या आईने तो धूळ बसू नये म्हणून शिवला होता. आणि टेबलाखाली, डब्याच्या अगदी पाठीशी, लुबान हा सुगंधी डिंक जाळायचं धुपाटणं. कॉम्प्युटर ही घरातली सगळ्यांत महागडी वस्तू, तिला दृष्ट लागू नये म्हणून संध्याकाळचा पहिला धूर तिलाच.

भावाने एकदा डबा उघडलेला मुहन्नाने पाहिला होता. तो लगेच स्क्रू फिरवायला निघाला. झुवैनाने त्याचा हात धरला. आधी मशीन बंद, मग भिंतीतला प्लग हातात, आणि कुणाचेही हात ओले नकोत. आतलं सगळं निवेपर्यंत ती कुणाला स्क्रूला शिवू देईना.

झाकण निघालं आणि खोलीत ईदचा वास पसरला. पंख्याच्या पात्यांवर करडी लोकर साचली होती. नुसती धूळ नव्हे, लुबानच्या धुराने चिकट झालेली, गच्च दाबलेल्या नमद्यासारखी. मशीन चालू असताना पंखा फिरायचा, पण वारा जायला वाट नव्हती.

"काय चाललंय?"

दारात मुहन्नाची आई उभी होती. उघडा डबा, पसरलेले स्क्रू आणि तीन पोरं बघून तिचा हात छातीवर गेला. पण तिने पहिला प्रश्न विचारला तो वेगळाच. "प्लग काढलाय ना?"

मुहन्नाने प्लग वर करून दाखवला. रय्याने लोकरीचा पुंजका पुढे धरला. "आई, तुझं लुबान."

आईने तो बोटांत चुरगळला, हुंगला. मुलांनी घंटेचं, चित्राचं, आजोबांचं सगळं सांगितलं. मग ती आत गेली आणि रंगकामाचा कोरडा ब्रश, काड्यांवर गुंडाळलेला कापूस आणि एक टॉर्च घेऊन आली. टॉर्च तिने स्वतःच धरली. एकीकडे ती बजावत होती, की ब्रश हळू, पातं मोडेल, आणि काही राहिलं तर बोट घालू नकोस.

अंगरख्याशिवाय, धुपाटण्याशिवाय, मोकळ्या श्वासाने मशीन पुन्हा सुरू झालं. या वेळी चित्र जेमतेम अडखळलं, आणि पडद्याच्या कडेला करडं काहीतरी लखकन येऊन गेलं.

"शेपूट!" रय्या ओरडली.

"नुसत्या शेपटीवर नासर काका ऐकणार नाहीत," मुहन्ना म्हणाला. नव्या कॅमेऱ्याचं ते बारीकसारीक चित्र या जुन्या डोक्याला पेलतच नव्हतं. भावाच्या एका प्रोग्रामने बारकावे कमी करून फिल्म हलकी करता यायची. फक्त आजची दुपार त्याला पुरली नसती.

झुवैना पडद्याकडे बघत होती. "सगळी कशाला? आजोबा वाकतात तिथपासून चालत जातात तिथपर्यंत, तेवढाच तुकडा कर की."

निळी पट्टी मुंगीच्या पावलाने सरकू लागली. ती अर्ध्यावर असताना बाहेर अजान झाली. झुवैनाने डोळे मिटले. नमाज संपेल, माणसं बैठकीला बसतील, आजोबा काही बोलणार नाहीत. मुहन्नाच्या आईने तिच्याकडे पाहिलं, मग रय्याला बाहेर पिटाळलं. बाबांना सांग, सगळ्यांना इकडेच घेऊन या, आईने बोलावलंय म्हणावं.

माणसं कुरकुरत आली. बदर काकांना हा पोरखेळ पसंत नव्हता, आणि नासर काका तर दारातच उभे राहिले. हमूद आजोबा सगळ्यांत मागे.

तेवढ्यात पट्टी भरली. मुहन्नाने तुकडा लावला.

चित्र थोडं धूसर होतं, पण एकदाही अडखळलं नाही. आजोबांनी दगड उभा केला. चिंधी फटीत कोंबली. दगडावर तळवा ठेवून दोनदा दाबून बघितलं, मग वळून सावलीच्या काठीकडे निघाले. किणकिण. झुडपामागून करडी शेळी आली, तिने चिंधीचं टोक दातात धरलं, ओढलं, आणि दगड लवंडला. चिंधी चघळत शेळी आली तिकडेच पसार झाली. तिच्या गळ्यात लाल दोरी होती, आणि तुटकं दावं मागे फरफटत होतं.

अंगणातून, नेमकी त्याच वेळी, चिरकी घंटा वाजली.

"बदर," नासर काका सावकाश म्हणाले, "शेळी तर तुझी."

बदर काकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते उठले आणि हमूद आजोबांसमोर येऊन बसले. "काका, चित्र तुटतंय हे मला दिसत होतं. मधे काय गेलं ते विचारायला हवं होतं. नाही विचारलं." मग नासर काकांकडे वळून त्यांनी आपली पुढची पाळी त्यांच्या लिंबांना देऊन टाकली.

नासर काकांना मान वर करायला वेळ लागला. त्यांनी आजोबांच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि मुलांकडे बघून म्हणाले, "आम्ही एवढी माणसं बघत बसलो. ऐकलं या पोरांनी." बदर काकांनी मुहन्नाच्या पाठीवर हात ठेवला आणि रय्याला उचलून घेतलं. शहबाला मार पडला नाही. गळ्यात नवं दावं मात्र पडलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढायच्या आत हमूद आजोबा पाटावर निघाले. झुवैना मागे मागे होती. दाऱ्याशी त्यांनी दगड उभा केला आणि चिंधी तिच्या हातात दिली.

"तू कोंब," ते म्हणाले. "आणि तळव्याने दाबून बघ. उद्या मला आठवलं नाही, तर तुला आठवेल."

झुवैनाने चिंधी खोल कोंबली. दगड दाबला. पुन्हा एकदा दाबला. पाणी वळलं आणि नासर काकांच्या लिंबांकडे निघालं.