सुंदराबाईंची वळकटी

"अगं, इथेच होती! या टेबलाखाली, अगदी या पायाला टेकून!"

नंदा गुडघ्यांवर बसून टेबलाखाली हात फिरवत होती. पण हाताला नुसती धूळ लागत होती.

"पलीकडे सरकली असेल," जया म्हणाली.

"सरकायला ती काय मांजर आहे?" लवू म्हणाला. एरवी त्याच्या अशा बोलण्यावर दोघी हसल्या असत्या. आज कुणी हसलं नाही.

एकोणीसशे पंच्याऐंशी सालच्या मे महिन्याची सुट्टी चालू होती. बोरिवलीतल्या त्यांच्या वसाहतीच्या मंडळाने आपल्या हॉलमध्ये हाताने केलेल्या वस्तूंचं तीन दिवसांचं प्रदर्शन भरवलं होतं. घरोघरच्या वस्तू गोळा करायच्या आणि एकेका विषयाचं एकेक टेबल मांडायचं, ही चिटणीस श्यामकांतकाकांची कल्पना. काही वस्तू विकायच्या होत्या, काही नुसत्या बघायला ठेवायच्या होत्या. 'स्वयंपाकघर', 'खेळ' आणि 'प्रवास' ही तीन टेबलं मांडायचं काम या तिघांकडे आलं होतं.

नंदाने आपल्या आजीची, सुंदराबाईंची, गोधडी आणली होती. बहात्तरच्या दुष्काळात आजी फलटणकडचं गाव सोडून मुंबईला आली, ती सगळा संसार त्या गोधडीत गुंडाळून. म्हणून नंदाच म्हणाली होती, "पसरून कशाला ठेवायची? आजीने आणली तशी वळकटी करून, काथ्याच्या दोरीने बांधून ठेवू. 'प्रवास'च्या टेबलाखाली!" सगळ्यांना ते फार आवडलं होतं.

आणि आता शनिवारच्या संध्याकाळी वळकटी जागेवर नव्हती.

तिघं धावत श्यामकांतकाकांकडे गेली. काका उद्याच्या समारंभाच्या हारांचा विचार करत होते.

"आजीने घरी नेली असेल," ते म्हणाले.

"काका, आजीला दोन वर्षं झाली, दिसत नाही!"

"असं होय? मग इथेच असेल कुठेतरी. जुनेरं कोण चोरणार गं? आणि नाहीच सापडली, तर मंडळातर्फे तिला एक कोरी सोलापुरी चादर देऊ. एकदम झकास! मग तर झालं?"

नंदाचे डोळे भरून आले. ती मागे वळली.

आजी गोधडी द्यायला तयारच नव्हती. तिला आता कपड्यांचे रंग दिसत नसत, पण बोटांनी चाचपून ती सांगे, हे माझ्या आईचं लुगडं, हे तुझ्या आबांचं धोतर. त्या गोधडीशिवाय तिला झोप येत नसे. नंदाने आठवडाभर हट्ट केला, तेव्हा कुठे ती म्हणाली होती, "दोनच रात्री. ऐतवारी रात्री माझ्या अंगावर पायजे."

त्या रात्री जेवताना आजीने विचारलं, "माझी गोधडी बरी हाय ना गं?"

"हो आजी."

"बघत्यात का कुणी?"

"सगळे बघतात. म्हणतात... टाके किती बारीक आहेत."

आजी खुशीत हसली. नंदाने ताट बाजूला सारलं.

रविवारी सकाळी हॉल उघडला, तेव्हा तिघं दारातच उभी होती. त्यांनी खुर्च्यांमागे पाहिलं, पडद्यामागे पाहिलं. शेवटी रंगमंचामागच्या खोलीत, पेंढ्याच्या ढिगात, लवूला काहीतरी टोचलं.

"सापडली! सापडली!"

"गोधडी?"

"नाही गं, दोरी. काथ्याची."

नंदाने ती ओळखली. एका टोकाला तिनेच लाल चिंधी बांधली होती. ती दोरी उचलत म्हणाली, "म्हणजे कुणीतरी चोरलीच!"

जया मात्र दोरीकडे बघत राहिली. "चोर दोरी सोडत बसेल का? बांधलेली वळकटी काखेत मारून पळणं किती सोपं! ज्याला ती उघडायचीच होती, त्यानेच दोरी सोडली. आणि या खोलीत काय करतात?"

"विकलेल्या वस्तू बांधतात," लवू म्हणाला. "शिवदासकाका बांधतात!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"सरळ विचारलं तर ते हात झटकतील," जया कुजबुजली. "लवू, तू विचार. तुझा चेहरा जरा बावळट आहे."

"थँक यू हां!"

शिवदास हा मंडळाचा माणूस. हॉलची चावी त्याच्याकडे असे आणि काम सोडून बाकी सगळ्याबद्दल त्याला बोलायला आवडे. लवू त्याच्यासमोर जाऊन उभा राहिला.

"शिवदासकाका, काल तुम्ही एवढा मोठा रांजण पाठवला, तो फुटला कसा नाही हो? आमचे नाना म्हणतात, असं बांधणं कुणाला जमायचं नाही."

शिवदास फुलला. "अरे, त्यात कसब आहे! आधी खाली पेंढा. मग बाजूने पेंढा. आणि वरून एक जाड पांघरूण आवळून बांधायचं."

"पण एवढं जाड पांघरूण आणायचं कुठून?"

"आणायचं कशाला? पडलेलं असतंच! काल त्या टेबलाखाली चिंध्यांचं एक गाठोडं होतं, तेच..."

तो एकदम थांबला. पडद्यामागून नंदा आणि जया बाहेर आल्या होत्या. नंदाच्या हातात दोरी होती.

"ते गाठोडं नव्हतं," नंदा म्हणाली. "मांडलेली वस्तू होती ती."

"वाट लागली!" शिवदासने कपाळाला हात लावला. "वळकटी कुणी मांडून ठेवतं का? मला वाटलं, सामान बांधून आणलेलं फडकं असेल! रांजण गेला गोराईला, तो विकत घेणाऱ्या फिलोमिनाबाईंकडे. श्यामकांतसाहेबांना सांगू नका रे."

"मग आत्ता चला आमच्याबरोबर!"

"मी? हॉल सोडून?"

"नाहीतर आम्ही चाललो साहेबांकडे," लवू म्हणाला. आता त्याचा चेहरा मुळीच बावळट दिसत नव्हता.

घरी सांगून, शिवदासला पुढे घालून, तिघं बसने गोराई खाडीवर पोचली. पण ओहोटी होती. पलीकडे गेलेली बोट परतायला तासभर लागला आणि पलीकडे उतरल्यावर घोटाभर चिखल तुडवावा लागला. शिवदास दर पावलाला कण्हत होता. गोधडी वळकटी करून ठेवायला कुणी सांगितलं होतं? मीच. आजीच्या मागे कोण लागलं होतं? मीच. हेच नंदाच्या मनात फिरत होतं.

फिलोमिनाबाईंच्या अंगणात रांजण होता, पाण्याने भरलेला. गोधडी नव्हती.

"ती गोधडी?" बाई म्हणाल्या. "काल बोटीत भिजली, म्हणून मी वाळत टाकलेली. सकाळी माझ्या फ्रान्सिसनं होडीवर नेली बघ. तो निघालाच असेल आता!"

तिघं धावत सुटली. किनाऱ्यावर काही माणसं एक होडी पाण्यात ढकलत होती. लवू कपड्यांसकट कमरेइतक्या पाण्यात शिरला.

"थांबा! ओ फ्रान्सिसदादा, थांबा! आमची गोधडी!"

होडीतल्या तरुणाने मागे पाहिलं. त्याच्या हातात काळ्या तेलाने माखलेलं एक फडकं होतं. "ही? रांजणाच्या बांधणीतली चिंधी ना? तुमच्याच माणसानं बांधली की."

सगळ्यांनी शिवदासकडे पाहिलं. शिवदास आपल्या चिखलाच्या पायांकडे पाहत राहिला.

जाळ्याखालून गोधडी निघाली. खारट, ओली, माशांच्या वासाची. आणि तिचा एक कोपरा वीतभर कापलेला होता. इंजिन पुसायला.

फिलोमिनाबाई मागून धापा टाकत आल्या. त्यांनी गोधडीवरून हात फिरवला आणि मुलाला फटकारलं, "डोळे फुटले का तुझे? टाका बघ किती बारीक! बाईचे महिने गेले असतील."

परतल्यावर शिवदासने स्वतःच सगळं कबूल केलं, आणि संध्याकाळी समारंभात श्यामकांतकाका माईकवर म्हणाले, "आमच्या हलगर्जीपणामुळे हरवलेली वस्तू या तीन मुलांनी डोकं चालवून परत आणली. चूक आमची होती. सुंदराबाईंची मी सर्वांसमोर माफी मागतो!" टाळ्यांचा कडकडाट झाला. लवूने दोनदा वाकून नमस्कार केला. नंदाला मात्र घर गाठायचं होतं.

आजी कॉटवर वाट बघत बसली होती. गोधडी मांडीवर येताच तिची बोटं चालू लागली. एक काठ झाला, दुसरा झाला. कापलेल्या कोपऱ्यापाशी बोटं थांबली.

"हितं तुझ्या बापाचा शाळंचा सदरा होता," आजी हळूच म्हणाली. "पयल्या दिवशी घातल्याला."

"आजी, मी तुझ्याशी खोटं बोलले. काल ती हॉलमध्ये नव्हतीच." आणि नंदाला रडू कोसळलं.

नंदाचे हुंदके थांबेपर्यंत आजी कापलेली कड चाचपत राहिली. मग गोधडी नाकाशी नेऊन तिने वास घेतला.

"दर्याचा हाय व्हय गं ह्यो वास?"

"हो. होडीवर होती."

"मी एवढी वर्सं मुंबईत, होडीत कधी बसले न्हाई," आजी म्हणाली. "आणलीस, लई केलंस. आता कुठं कुठं गेली ती, समदं सांग. खरं सांग. पर आदी सुईत दोरा ओव. तू सांगायचंस आणि तूच शिवायचंस."

नंदाने डोळे पुसले, दिव्याखाली सुई धरली. तिसऱ्या वेळी दोरा आत गेला.

"टाका बारीक घाल," आजी म्हणाली, आणि नंदाचं बोट धरून कापलेल्या कडेवर ठेवलं.